विष, हळद आणि पेशींची शिबंदी

कोल्हापूर शहर मध्यबिंदू कल्पून सुमारे ५० किलोमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ आखले, तर त्याच्या आत अशी चार ठिकाणे सापडतात, की ज्यांचा परस्परांशी काही ऋणानुबंध असेल अशी शंकाही वाटसरूच्या मनाला शिवू नये. हुपरीच्या घराघरांतून चांदीचे पैंजण घडतात. निपाणीच्या वखारींतून बिडीची तंबाखू कुटली आणि चाळली जाते. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगर समाज भंडाऱ्याची अशी मुक्त उधळण करतो, की माणसांचे चेहरे, ढोलांची चामडी आणि पायाखालची माती यांचा रंग एकच होऊन जातो. आणि सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरच्या गाळवट जमिनीत पेवे खणून त्यांत हळकुंडे साठविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. धातुकामाची भट्टी आणि तंबाखूची धूळ एका बाजूला, हळद दुसऱ्या बाजूला, आणि या दोहोंच्या मध्ये माणसाच्या देहातील अगणित पेशी, असा हा प्रसंग आहे. त्या पेशी परकीय विषाला तोंड कसे देतात, त्यासाठी लागणारी सामग्री केव्हा उभी करतात आणि केव्हा मोडून टाकतात, आणि मुख्य म्हणजे हे ठरविण्याचा अखत्यार कोणाकडे असतो, याचा उलगडा होण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या उलगड्यात मराठी माणसांच्या श्रमाचा जो वाटा आहे, तो त्यांच्याच मुलखात फारसा कोणाला ठाऊक नाही.

या कथेचा आरंभ मात्र फार दूर, लंडनमध्ये झाला. अलेक्झांडर यूर नावाच्या वैद्याला वातरक्ताने पीडलेल्या रोग्यांच्या मूत्रातील यूरिक आम्ल कमी करावयाचे होते, आणि त्यासाठी बेंझोइक आम्ल पोटात दिले तर काय होते हे तो पाहत होता. १८४१ साली त्याला आढळले, की पोटात गेलेले बेंझोइक आम्ल मूत्रात त्या रूपाने उतरतच नाही. देह त्याला आपल्याजवळचा एक घटक जोडतो आणि हिप्प्युरिक आम्ल या निराळ्याच पदार्थाच्या रूपाने त्याची बाहेर रवानगी करतो. वातरक्ताच्या उपचाराला या शोधाचा काही उपयोग झाला नाही. पण देह हे आलेले निमूटपणे पुढे सोडणारे केवळ एक पात्र नसून, आलेल्या परक्याची झडती घेऊन त्याच्यावर आपली मोहोर उठविणारे ठाणे आहे, ही गोष्ट प्रथमच लेखी पुराव्यानिशी सिद्ध झाली. पुढे १८७९ साली जर्मनीत बाउमान आणि याफे यांनी स्वतंत्रपणे कुत्र्यांना ब्रोमोबेंझीन चारले, तेव्हा त्या प्राण्यांच्या मूत्रात गंधक असलेले एक संयुग निघाले. विषाला गंधक बांधून बाहेर घालविण्याचा हा शिरस्ता होता. ते गंधक देहाच्या कोणत्या कोठारातून आले, हे मात्र बराच काळ अंधारात राहिले.

ते कोठार म्हणजे ग्लुटाथायोन. १८८८ साली द रे-पायाद या फ्रेंच संशोधकाला त्याची पहिली चाहूल लागली होती. परंतु त्याला पुन्हा हुडकून काढून, शुद्ध करून, पेशीच्या संसारात त्याचे महत्त्व काय हे जगाला पटवून देण्याचे श्रेय १९२१ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी मिळविले. तीन अमिनो आम्लांचा हा लहानसा रेणू. त्याच्या मधल्या सिस्टीनवरचा गंधक जणू सदैव हात पुढे करून उभा असतो, आणि ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू असोत वा परकीय रसायने असोत, त्यांच्याशी बांधला जाऊन त्यांचा दंश बोथट करतो. याच हॉपकिन्स यांच्या केंब्रिजमधील संस्थेत १९३० ते १९४० या दशकाच्या उत्तरार्धात कमला भागवत ही मराठी तरुणी दाखल झाली. पुढे कमला सोहोनी या नावाने ती आपल्याकडे ओळखली गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून तिला आधी प्रवेशच नाकारला होता, आणि तिने हट्ट सोडला नाही म्हणून अटींवर तो दिला, ही हकीकत आता पुष्कळांना ठाऊक आहे. पण केंब्रिजमध्ये तिने काय केले याची चौकशी क्वचितच होते. वनस्पतींच्या पेशी श्वसन कसे करतात या प्रश्नावर तिने काम केले, आणि प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींच्या ऊतींतही सायटोक्रोम सी असते हे दाखविले. हा सायटोक्रोम म्हणजे पेशीतील इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचविणाऱ्या मार्गावरचा एक टप्पा होय. १९३९ साली तिला पीएच.डी. मिळाली आणि ती मायदेशी परतली. ज्या संस्थेच्या प्रमुखाने ग्लुटाथायोनला प्रतिष्ठा दिली, तिथेच ऑक्सिजनच्या वाटेवर एका मराठी मुलीने आपली खूण केली, या योगायोगाला मी फार मोठे करीत नाही. पण तो नोंदवून ठेवण्याजोगा आहे खास.

कारण ऑक्सिजन हाच या कथेतील दुसरा पक्षकार आहे. हरिपूरच्या पेवात हळकुंडे दीर्घकाळ टिकतात, त्याचे कारण असे, की तोंड लिंपून बंद केलेल्या त्या खड्ड्यात प्राणवायू उरत नाही आणि म्हणून किडीलाही तिथे जगता येत नाही. पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नाही, हवा पालटू देतो. प्राणवायूवाचून जीवन अशक्य, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण तोच प्राणवायू जिवंत पेशीला आतून पोखरतो, हे उमजायला विसावे शतक मध्यावर यावे लागले. १९५४ साली रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी एकच यंत्रणा आहे, आणि ती म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनचे अतिचंचल रेणू. पंधरा वर्षांनी, १९६९ साली, जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी असा शोध प्रसिद्ध केला, की या चंचल रेणूंपैकी सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारे एक खास विकर पेशींमध्ये असतेच. मग शास्त्रज्ञांच्या आणि व्यापाऱ्यांच्या मनात एकच तर्क रुजला, आणि तो इतका सरळ दिसत होता की त्याची पारख करण्याची तसदी पुष्कळ दिवस कोणी घेतली नाही. ऑक्सिडीभवन वाईट, सबब प्रतिऑक्सिडक पोटभर खा, असा तो तर्क. १९९४ साली फिनलंडमधील २९,१३३ पुरुष धूम्रपींच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा हा तर्क तोंडघशी पडला. ज्यांना बीटा-कॅरोटीन या प्रतिऑक्सिडकाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता उलट १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील तशीच दुसरी चाचणी याच कारणाने १९९६ साली मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. देहाच्या संरक्षणाचा हिशेब बाहेरून ओतलेल्या मालावर चालत नाही, हे त्या निकालांनी शिकविले. पण बाजारातल्या गोळ्यांच्या जाहिरातींवर त्याचा काडीमात्र परिणाम झाला नाही, हेही तितकेच खरे.

आता निपाणीकडे वळू. धुरातून येणाऱ्या विषांत बेंझोपायरीन हे नाव अग्रभागी आहे. लंडनच्या संशोधकांनी दोन टन डांबर गाळून १९३३ च्या सुमारास ते वेगळे काढले होते. या पदार्थाची लबाडी अशी, की मुळात तो जवळजवळ निष्क्रिय असतो. वेल्समध्ये जन्मलेल्या रिचर्ड टेकविन विल्यम्स यांनी विषहरणाच्या क्रियांचा ग्रंथ १९४७ साली प्रथम सिद्ध केला आणि पुढे त्या क्रियांचे दोन टप्पे पाडून दाखविले. पहिल्या टप्प्यात पेशी परकीय रेणूवर ऑक्सिजन चढवून त्याला कामचलाऊ हात-पाय देते. दुसऱ्या टप्प्यात त्या हातांना ग्लुटाथायोन किंवा तत्सम काही बांधून त्याला पाण्यात विरघळणारे करते आणि बाहेर काढते. परंतु बेंझोपायरीनच्या बाबतीत पहिल्याच टप्प्यात अनर्थ घडतो. ऑक्सिजन चढल्यावर तो सौम्य रेणू इलेक्ट्रॉनसाठी हपापलेला होऊन थेट जनुकांच्या धाग्याला जाऊन चिकटतो. ही गोष्ट १९७४ साली स्पष्ट झाली. म्हणजे देहाने स्वतःच शत्रूच्या हाती शस्त्र दिले, आणि त्यानंतर तो वाचतो की नाही, हे सर्वस्वी दुसरा टप्पा किती तत्परतेने धावून येतो यावर अवलंबून राहते. त्या दुसऱ्या टप्प्यात ग्लुटाथायोन बांधण्याचे काम करणारी विकरे १९६१ मध्ये सापडली.

या विकरांचा प्रत्यक्ष राबता मराठी मुलखातील कामगारांच्या देहात चाललेला पाहावयाचा, तर मुंबईच्या परळ भागात जावे लागते. तेथे वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले होते. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांचा संबंध हा खानोलकरांच्या आस्थेचा विषय होता. त्यांच्यामागून त्याच संस्थेतील संशोधकांनी बिडी वळणाऱ्या स्त्रियांकडे लक्ष दिले. ज्या स्त्रिया स्वतः बिडी ओढीत नाहीत, पण दिवसभर तंबाखू हाताळतात आणि तिची धूळ श्वासात घेतात, त्यांच्या देहात काही जाते की नाही? भिसे आणि गोवेकर यांनी १९९२ साली दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. बिडी वळणाऱ्यांच्या मूत्रात थायोईथर नावाची गंधकयुक्त संयुगे वाढलेली होती. बाउमान आणि याफे यांनी ११३ वर्षांपूर्वी कुत्र्यांच्या मूत्रात जे पाहिले, त्याच जातीचा हा पुरावा होता. विष आत आले होते, ग्लुटाथायोनने त्याला बांधले होते, आणि त्या झटापटीत खर्ची पडलेल्या गंधकाचा हिशेब मूत्रातून बाहेर पडत होता. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या ज्या बायकांनी १९८० च्या सुमारास मजुरीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीसाठी संघटना उभारून मालकांशी टक्कर दिली, त्यांच्या मागण्यांच्या यादीत थायोईथर हे नाव अर्थातच नव्हते. पण रोज संध्याकाळी घरी जाताना त्या अंगावर काय घेऊन जात होत्या, याचे शास्त्रीय बयान परळच्या त्या निबंधात आहे.

खर्च होतो तर भरपाई कोण करतो? या कथेचा खरा कळीचा प्रश्न हाच. ग्लुटाथायोन आणि त्याची सारी सहायक विकरे पेशीने बारमाही पूर्ण संख्येने तैनात ठेवली, तर त्यांच्या पोषणातच तिचे उत्पन्न सरेल. आणि ठेवलीच नाहीत, तर पहिल्याच हल्ल्यात ती नामशेष होईल. पन्हाळ्यासारख्या गडावरही शांततेच्या काळात शिबंदी बेताचीच असे आणि शत्रूची चाहूल लागताच मुलखातून हशम उभे केले जात; पेशीचा बंदोबस्त या जातीचा असावा, अशी कल्पना करता येते. पण गडावर हुकूम सोडणारा किल्लेदार असतो, पेशीत कोण असतो?

याचे उत्तर आडवाटेने आले. अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात ली वॉटनबर्ग यांनी १९७२ मध्ये असे पाहिले, की अन्न खवट होऊ नये म्हणून घालण्याचे एक सामान्य प्रतिऑक्सिडक रसायन उंदरांना खाऊ घातले, तर मागाहून दिलेली कर्करोगजनके निष्प्रभ होतात. प्रतिऑक्सिडक आहे म्हणून वाचवते, असा उघड अर्थ होता. बाल्टिमोरमधील जॉन्स हॉपकिन्सच्या पॉल टॅलले यांचे त्याने समाधान झाले नाही. १९७८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की ते रसायन खाल्लेल्या उंदरांच्या यकृतात दुसऱ्या टप्प्याची विकरेच वाढलेली असतात; रसायन स्वतः लढत नाही, ते लढणाऱ्यांची संख्या वाढविते. मग टॅलले यांनी पुष्कळ निरनिराळ्या रसायनांची परीक्षा घेतली आणि १९८८ साली एक चमत्कारिक निष्कर्ष मांडला. जी जी रसायने पेशीचे रक्षण वाढवितात, त्या सर्वांत समान गुण एकच, आणि तो म्हणजे गंधकाला जाऊन चिकटण्याची त्यांची वृत्ती. म्हणजे ती स्वतःच किंचित विषारी होती. मित्र समजून ज्यांचे आपण कौतुक करीत होतो, ते पेशीच्या दृष्टीने दुर्बळ शत्रू होते, आणि त्यांच्या दुर्बळ हल्ल्यानेच तिला सावध केले होते. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाचे वाक्य हेच आहे, आणि ज्या दिवशी ते लिहिले गेले त्या दिवशी प्रतिऑक्सिडक गोळ्यांचा धंदा बुद्धीच्या दरबारात खारीज झाला.

पुढील दहा वर्षे घाईची होती. १९९१ पर्यंत कॅनडातील रशमोर आणि पिकेट यांनी विकरांच्या जनुकांच्या आरंभी असलेली एक छोटी खूण हुडकली, की जिच्यावर हुकूम उतरताच ते जनुक चालू होते. हुकूम आणणारा प्रथिनदूत मात्र दुसऱ्याच दफ्तरात सापडला. सॅन फ्रान्सिस्कोत युएट वाई कान आणि सार्डिनियाहून आलेले पावलो मोई रक्तातील ग्लोबिनच्या जनुकाचा नियामक शोधीत होते, कारण थॅलॅसेमियाने पीडलेल्यांसाठी त्याची गरज होती. १९९४ साली त्यांच्या हाती एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन लागले. परंतु दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने ते प्रथिन नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांचे रक्त अगदी निर्दोष निघाले, आणि ज्या कामासाठी त्या प्रथिनाला प्रकाशात आणले होते त्या कामावरून ते बडतर्फ झाल्यासारखे झाले. जपानमध्ये मासायुकी यामामोटो यांच्या गटाला मात्र एक साम्य दिसले होते. रक्ताच्या जनुकाजवळची खूण आणि विषहरणाच्या जनुकांजवळची खूण या जवळजवळ सारख्या होत्या. त्यांनी एनआरएफ-२ नसलेल्या उंदरांना वॉटनबर्गचे ते जुने रसायन खाऊ घातले, आणि १९९७ साली निकाल प्रसिद्ध केला, की त्या उंदरांची विकरे वाढतच नाहीत. दूत सापडला होता. आणखी दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच गटाने त्या दूताला कैदेत ठेवणारे प्रथिन शोधले. त्याचे नाव कीप-१.

या दोघांचा कारभार असा चालतो. पेशी एनआरएफ-२ अखंड घडवीत असते, आणि कीप-१ त्याला घडल्या घडल्या पकडून नाशाच्या यंत्राकडे सोपवीत असते, इतके की शांततेच्या काळात या दूताचे अर्धायुष्य अवघ्या वीस मिनिटांच्या आत असते. वरवर पाहता हा उधळेपणा वाटेल. पण या खर्चाच्या मोबदल्यात पेशीला तत्परता मिळते, कारण दूत नव्याने जमविण्याची वाट पाहावी लागत नाही, त्याची पकड सैल केली की पुरते. कीप-१ च्या अंगावर सिस्टीनचे अनेक गंधकहस्त आहेत, आणि तेच त्याचे पहारेकरी. इलेक्ट्रॉनलोभी रेणू पेशीत शिरला, की त्यांतल्या एखाद्याला जाऊन चिकटतो. त्याने कीप-१ चा आकार विस्कटतो, नाशाचे काम ठप्प होते, आणि नव्याने घडणारा प्रत्येक एनआरएफ-२ मोकळा राहून केंद्रकात शिरतो. तेथे एका धाकट्या जोडीदाराला हाताशी धरून तो शंभराहून अधिक जनुकांवर हुकूम बजावतो. ग्लुटाथायोन घडविणारी, ते बांधणारी आणि वापरलेले पुन्हा ताजे करणारी विकरे, क्विनोन निःशस्त्र करणारे विकर, हीमचे तुकडे करणारे विकर, अशी ती फौज उभी राहते. संकट ओसरले की कीप-१ पुन्हा आपल्या कामाला लागते आणि फौज विसर्जित होते.

आता हळदीचा जबाब घेता येईल. हळदीचा पिवळा घटक, म्हणजे कर्क्युमिन, फ्रान्समध्ये फोगेल आणि पेल्तिए यांनी १८१५ साली वेगळा केला होता आणि त्याची रचना १९१० मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञांनी ठरविली. त्या रचनेत, साखळीच्या मध्यभागी, गंधकाला चिकटण्याची ती वृत्ती दोन ठिकाणी ठाण मांडून बसलेली आहे. परळच्या संस्थेत एस. व्ही. भिडे आणि एम. नागभूषण यांनी १९८६ मध्ये दाखविले, की कर्क्युमिन स्वतः जनुकांना इजा करीत नाही, उलट इतर पदार्थांनी होणारी इजा रोखते. आणि १९९२ मध्ये भिडे आणि अझुइने यांनी हळद घातलेले अन्न खाणाऱ्या उंदरांत बेंझोपायरीनने होणाऱ्या पोटाच्या गाठी कमी झाल्याचे नोंदविले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १६ धूम्रपींना महिनाभर रोज दीड ग्रॅम हळद दिली, आणि त्यांच्या मूत्रातील जनुकघातक द्रव्ये उतरली. का उतरली, हे सांगण्याची सोय तेव्हा नव्हती. ती १९९९ मध्ये आली. टॅलले आणि अल्बेना दिन्कोवा-कोस्टोवा यांनी कर्क्युमिन आणि त्याची भावंडे पेशींवर घालून पाहिली आणि दुसऱ्या टप्प्याची विकरे त्यांनी वाढतात हे दाखविले. २००३ मध्ये इंग्लंडमधील एका गटाने मूत्रपिंडाच्या पेशींत कर्क्युमिनच्या स्पर्शाने एनआरएफ-२ मोकळा होतो हे सिद्ध केले; आणि २००८ मध्ये गिरीश मारू यांच्या गटाने, टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत, बेंझोपायरीन दिलेल्या उंदरांत आहारातील कर्क्युमिन दोन्ही टप्प्यांच्या नियामकांना कसे वळवते याचा तपशील मांडला. परळच्या उंदरांपासून खारघरच्या उंदरांपर्यंतची ही सोळा वर्षे एकाच प्रश्नाची वाट चालली.

पण या सोळा वर्षांत महाराष्ट्राने हळदीबद्दल जे ऐकले, ते हे नव्हे. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेत मिळाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक रघुनाथ माशेलकर यांनी त्याला हरकत घेतली, जुन्या ग्रंथांचे आणि निबंधांचे ३२ दाखले पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. हा विजय न्याय्य होता आणि त्याचा अभिमानही रास्त आहे. तरीही मला असे वाटते, की मालकीच्या या दाव्यात आपले सारे लक्ष गुंतले, आणि ही वस्तू आमची आहे हे ठरल्यावर ती करते काय, या प्रश्नाला सार्वजनिक चर्चेत जागाच उरली नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत माशेलकर आले, ते योग्यच झाले. भिडे आले नाहीत. घरोघरी हळदीचा जो जयजयकार होतो, त्यात ती पेशीला सौम्य विषासारखी भासते आणि म्हणूनच उपयोगी पडते, हे सांगायला कोणी धजत नाही, कारण पूज्य वस्तूला विष म्हणणे आपल्याला रुचत नाही.

हुपरीचा हिशेब राहिला, आणि धातुकामाच्या भट्टीजवळचा तो हिशेब शिशाचा आहे. शिसे हा धातू गंधकाचा जन्मजात लोभी. ग्लुटाथायोन, रक्त घडविणारी विकरे आणि विषहरणाची विकरे यांच्या गंधकावर तो कब्जा करतो. पश्चिम महाराष्ट्रातील विद्युत्‌घट बनविणारे कामगार, चांदीचे दागिने घडविणारे कारागीर आणि फवाऱ्याने रंग देणारे यांच्या रक्ताची पाहणी अ. ज. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास प्रसिद्ध केली. विद्युत्‌घट कामगारांच्या रक्तात शिसे चढलेले होते, चरबीच्या ऑक्सिडीभवनाची खूण वाढलेली होती, आणि तांबड्या पेशींतील सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारे विकर आणि कॅटलेज ही दोन्ही उतरलेली होती. तांबड्या पेशीला केंद्रक नसतो. तिच्याजवळ जन्मतः मिळालेली शिबंदी तेवढीच, नवी उभारण्याचा हुकूम पाठविण्यास तिच्यात दफ्तरच नाही. म्हणून तिच्या विकरांची मोजणी ही नियमनाची कथा सांगत नाही, झीज सांगते. आणि उपरोध असा, की पिवळेपणा खुलविण्यासाठी काही ठिकाणी हळदीच्या भुकटीतच शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा गुन्हा घडत आलेला आहे. तेव्हा रक्षक म्हणून खाल्लेली वस्तूच भक्षकाला आत घेऊन येते.

मोकळा सोडलेला एनआरएफ-२ नेहमी हितकारकच असतो, अशी समजूत २००६ साली मोडली. जॉन्स हॉपकिन्समधील अंजू सिंग आणि श्याम बिस्वाल यांच्या गटाने दाखविले, की फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप-१ चे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे एनआरएफ-२ अहोरात्र मोकाट राहतो, आणि औषधाने मारावयाची ती कर्कपेशी स्वतःच विषहरणात निष्णात होऊन बसते. त्याच्या उलट, हा दूत बेतशीर मोकळा करणारी औषधे आता दवाखान्यात पोहोचली आहेत. मज्जातंतूंच्या एका विकारासाठी डायमिथिल फ्युमरेट २०१३ पासून आणि फ्रीडराइख अटॅक्सियासाठी ओमाव्हेलोक्सोलोन २०२३ पासून अमेरिकेत मान्य आहे. मात्र मूत्रपिंडाच्या रोग्यांवरील, याच जातीच्या बार्डोक्सोलोनची मोठी चाचणी हृदयाच्या तक्रारी वाढल्याने २०१२ मध्ये बंद करावी लागली. कर्क्युमिनचे तर आतड्यातून रक्तात जाणेच अल्प, आणि ज्या चिकटण्याच्या गुणाने ते कीप-१ ला जागे करते, त्याच गुणाने ते प्रयोगशाळेतील अनेक प्रथिनांना चिकटून खोटे निकाल देते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परखड आढाव्याने १२० हून अधिक मानवी चाचण्यांची दखल घेऊन लिहिले, की त्यांत दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेली एकही चाचणी निर्विवाद यशस्वी ठरलेली नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांचा मोर्चा आता गंधकाकडून वळला आहे. कीप-१ ज्या खोबणीत एनआरएफ-२ ला धरते, त्या खोबणीतच बसतील आणि इतर कोणत्याही गंधकाला हात लावणार नाहीत, असे रेणू ते घडवीत आहेत.